सुट्टीत मुलांवर लक्ष नेमकं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. उन्हाळ्याची सुट्टी दोन आठवड्यांवर आली आहे. शाळेने पालकांसाठी सुरक्षिततेच्या सूचनांचं चार पानी पत्रक पाठवलंय आणि त्याच्या शेवटी ‘कुटुंबाला काही मदत हवी आहे का?’ असा एक रकाना ठेवलाय. या सगळ्यातलं खरोखर महत्त्वाचं काय? मुलगी भावाला सांभाळू शकेल का? आणि तो रकाना भरला तर शाळा आमच्याबद्दल काही वेगळंच मत करून घेईल का? घरात सध्या आम्हा दोघांत ताण आहे आणि माझी चिडचिडही फार वाढलीय.

मी २२ वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे. तुमच्या हातात आहे तसली पत्रकं मीही लिहिली आहेत, म्हणून आधी त्यांच्यातली उणीव सांगते. उन्हापासून मोबाइलपर्यंत सगळं त्यात एकाच ठशात छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळ्याचं वजन सारखंच. ते तसं नाही. पाणी, बंद गाडी आणि उंचावरची खिडकी या तीन ठिकाणी चूक सुधारायला वेळच मिळत नाही. बाकी बऱ्याच गोष्टींत मिळतो. तुमच्याकडे दोन आठवडे आहेत, तर त्यातला बराचसा वेळ या तिन्हींवर आणि घरातल्या मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यावर खर्च करा. हे शेवटचं सुरक्षिततेच्या यादीत कधी नसतं, पण बाकीचं सगळं त्यावरच उभं असतं.

शाळा चालू असते तेव्हा दिवसाच्या कुठल्याही मिनिटाला मूल कोणाच्या नजरेखाली आहे, हे एका नावात सांगता येतं. वर्गशिक्षिका, खेळाचे सर, बसमधल्या ताई. हजेरी होते, घंटा होते, मूल एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातं. सुट्टी लागली की ही साखळी एका दिवसात सुटते. घरात माणसं असतात, कधी नेहमीपेक्षा जास्तच असतात, पण ‘आत्ता कोण बघतंय?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. सुट्टीतल्या अपघातांच्या जेवढ्या हकिगती पालकांनी माझ्यासमोर बसून सांगितल्या, त्यांतल्या बहुतेकींत एक वाक्य आलं : “मला वाटलं, तो तुझ्याजवळ आहे.” आणि हे वाक्य भरल्या घरातलं असतं.

म्हणून पहिली सवय लावा ती मोठ्यांना. मुलावरचं लक्ष एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तोंडाने बोलायचं. “मी आत जातेय, आता तू बघ.” समोरून “हो, मी बघतोय” असं स्पष्ट उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. मान डोलावली, नुसतं ‘हं’ आलं, तर ते उत्तर धरायचं नाही. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, चार दिवसांत अंगवळणी पडतं. पाण्याजवळ सगळे जमणार असाल तर गळ्यात अडकवायची शिट्टी ठेवा. शिट्टी ज्याच्या गळ्यात, लक्ष त्याचं. त्याने त्या वेळात फोन बघायचा नाही, गप्पांत रमायचं नाही, मद्य घेतलेलं नसावं. पंधरा-वीस मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात. एकच माणूस दोन तास टक लावून बघू शकत नाही. त्याची इच्छा असली तरी त्याचं मन थकतं.

आता पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून दगावली आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश ५ वर्षांखालची मुलं होती. ५ ते १४ या वयोगटात मृत्यूच्या कारणांमध्ये बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. तुमची दोन्ही मुलं याच गटात येतात.

बुडणाऱ्याचं चित्र आपल्या डोक्यात चुकीचं बसलेलं आहे. हात वर, ओरडणं, पाण्याचे फवारे. न्यूयॉर्कच्या एका समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असलेले फ्रान्चेस्को पिया यांनी १९७०च्या सुमारास बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून ते बारकाईने अभ्यासलं, तेव्हा दिसलं ते वेगळंच होतं. बुडणारा पाण्यात उभा असतो. तोंड पाण्याच्या पातळीवर खाली-वर होत राहतं आणि ज्या क्षणभर ते वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा असतो, त्यामुळे हाक मारायला श्वासच उरत नाही. हात आपोआप बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, म्हणून ते हलवून बोलावता येत नाही. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं, आणि मग माणूस खाली जातो. शेजारी पोहणाऱ्यालाही वाटतं, हा नुसता उभा आहे. खेळणारी मुलं आवाज करतात. पाण्यातलं मूल गप्प झालं तर ‘बरा खेळतोय’ असं समजू नका. लगेच बघा, हाक मारा, आणि उत्तर आलं नाही तर पोचा. ६ वर्षांच्या मुलासाठी तुमचं अंतर हाताएवढं असावं, म्हणजे पुढे वाकून तो धरता आला पाहिजे. काठावर खुर्ची टाकून बसणं याला लक्ष ठेवणं म्हणता येत नाही.

घरातल्या पाण्याबद्दल पालक मला फारसं विचारत नाहीत, पण तान्ही आणि रांगती मुलं त्यात जातात. अगदी लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत उठता येत नाही; त्याला काही सेंटिमीटर पाणी पुरतं. तुमची मुलं आता मोठी आहेत, पण सुट्टीत पाहुणे येतील, त्यांच्या कडेवर कोणी असेल. बादल्या आणि टब वापरून झाले की उपडे घाला, टाक्यांची झाकणं बसवा, न्हाणीघराचं दार ओढून घ्या.

हवा भरलेली चाकं आणि दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत. ती निसटतात, उलटतात आणि मोठ्यांना निर्धास्त करतात. धोका या तिसऱ्या गोष्टीत आहे. बोटीत किंवा खोल पाण्याजवळ मापाचं, पट्टे नीट आवळलेलं जीवरक्षक जाकीटच लागतं. पोहायला जरूर शिकवा, त्याने जीव वाचतात. मात्र जलतरण तलावाच्या स्वच्छ निळ्या पाण्यात पोहता येणं आणि प्रवाह, शेवाळ, गाळ, थंडगार खोल पाणी असलेल्या नदीत पोहता येणं यांत फार अंतर आहे. ‘त्याला पोहता येतं’ म्हणून नजर काढून घेतली जाते ती नेमकी अशा मुलांवरची. मुलीला आणखी एक सांगून ठेवा, कारण तिच्या वयात हे सुरू होतं : पाण्याखाली कोण जास्त वेळ श्वास रोखतो अशा पैजा लावायच्या नाहीत. त्याआधी भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यायलाच हवा ही आतून येणारी निकड त्याच वायूमुळे जाणवते. ती दबली की मूल कसलीही चाहूल न लागता पाण्याखालीच बेशुद्ध होतं. उत्तम पोहणारी मुलं अशीच गेली आहेत.

कोणी बुडताना दिसलं तर दोन्ही मुलांना एकच क्रम पाठ हवा : आधी मोठ्याला हाक, मग तरंगणारी कुठलीही वस्तू, दोरी, काठी त्याच्याकडे टाकायची किंवा पुढे करायची, स्वतः पाण्यात उतरायचं नाही. बुडणारा वाचवणाऱ्याला धरतो आणि दोघंही जातात. भावाला वाचवायला बहीण क्षणाचाही विचार न करता उडी घेईल, म्हणून हे तिच्याशी शांतपणे आणि पुन्हा पुन्हा बोलायला हवं. बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. तोंडाने श्वास द्यायचे, छातीवर दाब द्यायचे, आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी आपत्कालीन सेवेला फोन करायचा. बुडण्यात शरीराला आधी प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून इथे नुसता छातीवरचा दाब पुरत नाही, श्वासही द्यावे लागतात. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात पुतळ्यावर हात चालवून येतं. तुम्ही दोघं सुट्टीआधी एक दिवस काढा आणि हा वर्ग करा. बाकीचं पत्रक वाचलं नाही तरी चालेल, एवढं मी यासाठी आग्रहाने सांगते.

गाडीबद्दल पालकांना वाटतं, असं आपल्या हातून होणार नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाड्यांमधलं तापमान मोजलं होतं. तासाभरात आतली हवा सरासरी २२ अंश सेल्सिअसने तापली आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने जवळपास काही फरक पडला नाही. बाहेर हवा सुखद होती त्या दिवशीही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. ‘पाच मिनिटांत येते’ हे वाक्य म्हणून मूल गाडीत सोडायचं नाही, झोपलेलं असलं तरी नाही, गाडी चालू ठेवूनही नाही.

विसरणं ही वेगळी गोष्ट. मायेचे, जबाबदार आई-बाप मागच्या सीटवर झोपलेलं मूल विसरले आहेत. रोजच्या वाटेने जाताना आपण सवयीच्या जोरावर चालवत असतो. त्या दिवशी वाटेत मुलाला कुठे सोडायचं होतं ही नवी गोष्ट सवयीखाली दबून जाते. सुट्टीत नेमकं हेच घडतं. नेहमीची वेळ बदलते, सोडणारा माणूस बदलतो. मागच्या सीटवर मुलाशेजारी अशी वस्तू ठेवा की जिच्याशिवाय कामाला बसताच येणार नाही : कार्यालयाचं ओळखपत्र, लॅपटॉप, अगदी डाव्या पायाचा बूटही. ज्याच्याकडे मूल पोचवायचं आहे त्याला सांगून ठेवा की ठरल्या वेळेच्या दहा मिनिटांत मूल आलं नाही तर फोन कर, आणि उचलेपर्यंत करत राहा. आणि उभी गाडी कायम कुलूपबंद, किल्ल्या मुलांच्या हाताबाहेर. लपाछपीत मुलं गाडीत शिरतात, डिकीत शिरतात आणि मग त्यांना उघडता येत नाही. ६ वर्षांच्या मुलाला एकदा गाडीत बसवून शिकवा : अडकलास तर हॉर्न दाबत राहायचा, थांबायचं नाही.

मूल अचानक दिसेनासं झालं तर शोधायचा क्रम आधीच ठरलेला असू द्या. सगळ्यात आधी जवळचं पाणी, मग गाड्या आणि त्यांच्या डिक्या, मग बाकीचं घर आणि परिसर. माणूस स्वाभाविकपणे आधी पलंगाखाली आणि कपाटात बघतो, पण मूल तिथे असेल तर ते दहा मिनिटांनीही सुखरूप असतं. ऑटिझम असलेलं मूल घरात असेल तर हे आणखीच महत्त्वाचं. अशी मुलं न सांगता निघून जाऊ शकतात आणि पाण्याचं त्यांतल्या अनेकांना विलक्षण आकर्षण असतं.

खिडक्यांबद्दल थोडक्यात. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. खिडकीखाली आणि बाल्कनीत पलंग, खुर्ची, कुंडी असं चढायला काही नको. गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. औषधं आणि साफसफाईची रसायनं उंचावर, कुलपात, मूळ बाटलीतच. खेळण्यांतल्या आणि रिमोटमधल्या चपट्या गोल बॅटरीची झाकणं स्क्रूने आवळलेली आहेत का, एकदा पाहून घ्या. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकते, त्यामुळे नुसती शंका आली तरी सरळ रुग्णालय गाठायचं.

उन्हाचा त्रास बहुतेक वेळा सावली, विश्रांती आणि पाण्याने आवरतो. मूल असंबद्ध बोलू लागलं, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा हाकेला उत्तर देईना, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं धरू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत गार करणं थांबवू नका : कपडे कमी करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. तापाचं औषध इथे काम करत नाही, कारण हा ताप नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणीही घालायचं नाही.

आता तुमच्या मुलीचा प्रश्न. दिवसभर भावाला सांभाळणं ११ वर्षांच्या मुलीकडून होणार नाही, आणि ते तिच्यावर टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती समजूतदार आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण समजूतदारपणा म्हणजे ठरलेलं करता येणं. सांभाळायला लागतं ते न ठरलेलं एकदम समोर आल्यावर सुचणं, आणि ते या वयात अजून तयार व्हायचं असतं. दुसरं कारण मला जास्त टोचतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे १२ वर्षांची एक मुलगी यायची. तिच्या जिम्मेदारीवर असताना धाकट्याच्या हातावर गरम पाणी सांडलं होतं. त्याचा हात महिनाभरात बरा झाला, तो विसरूनही गेला. ही मात्र पुढचं अख्खं सत्र वर्गात हात वर करायची नाही, कोणी काही करायला सांगितलं की आधीच रडायची. घरात तिला कोणीही रागावलं नव्हतं. तिने स्वतःलाच दोषी ठरवलं होतं. आपण मुलावर जबाबदारी टाकतो तेव्हा ती निभावली नाही तर होणारं ओझंही टाकतो, आणि ते उचलायचं तिचं वय नसतं.

तरी थोडा वेळ अटळ असेल, अर्धा-पाऊण तास, तर तिची तयारी आधी जोखा. स्वयंपाकघरात काम करता करता सहज विचारा : दारावर ओळखीचे काका आले आणि म्हणाले, तुझ्या आईनेच पाठवलंय, तर काय करशील? कसला तरी जळका वास आला तर? भाऊ बाथरूममध्ये कडी लावून अडकला तर? ती विचार करून, अडखळत का होईना, मोठ्या माणसाला बोलावण्यापर्यंत पोचते का ते पाहा. सगळं मीच करीन असं म्हणाली तर ती अजून तयार नाही. त्या वेळात गॅस, इस्त्री, आंघोळ, पोहणं, गच्ची, रस्ता ओलांडणं काहीही नाही. शेजारची एक मोठी व्यक्ती घरी आहे आणि तिला हे माहीत आहे, एवढी खात्री हवी. मुलांना किती वयापासून एकटं ठेवता येतं याचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत, तेही विचारून घ्या. आणि तिला “तू आता आमची छोटी आई” असलं काही म्हणू नका. ती बहीणच राहू दे.

दिवसभराची सोय करायला तुमच्यासारख्याच दोन-तीन कुटुंबांशी बोला. प्रत्येक घराने आठवड्यातला एक दिवस घेतला तर रजेचं गणित बरंच हलकं होतं. इथेही तेच : कोणत्या दिवशी कोण, मूल कोणाच्या हातात द्यायचं, कोण न्यायला येणार, हे लिहून. त्या घरात पाणी कुठे आहे, गच्चीला कुलूप आहे का, आणखी कोण कोण येतं-जातं, हे विचारताना संकोच करू नका. जो मनापासून मुलं सांभाळणार आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

मूल दुसऱ्याच्या घरी, शिबिरात, नातेवाइकांकडे जाणार म्हटल्यावर शरीराच्या सुरक्षिततेबद्दल बोलणं आलंच. लहान मुलांना त्रास देणारी माणसं बहुतेक वेळा ओळखीची, घरात ये-जा असलेली असतात. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढ्याने मुलाच्या हातात काहीच पडत नाही. त्याला शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं माहीत असू द्या, म्हणजे सांगायची वेळ आली तर शब्द सापडतील. कोणालाही मिठी मारायला, पापी द्यायला भाग पाडू नका, घरातले मोठे रुसले तरी. गंमत आणि गुपित यांतला फरक ६ वर्षांच्या मुलाला छान कळतो : वाढदिवसाची भेट लपवणं ही गंमत, कारण ती शेवटी सगळ्यांना सांगायची असते, ‘हे कुणाला कधीच सांगायचं नाही’ असं मोठं माणूस म्हणालं की ते आईला किंवा बाबांना सांगायचंच. घरी आल्यावर “मजा आली ना?” असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी “तिथलं काय आवडलं, काय नकोसं वाटलं?” असं विचारा आणि गप्प राहून ऐका. त्याने काही सांगितलंच तर चेहरा शांत ठेवा, ‘बरं झालं सांगितलंस, तुझं काही चुकलं नाही’ एवढं म्हणा, खोदून खोदून विचारू नका, ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि त्याच दिवशी समुपदेशक, डॉक्टर किंवा पोलीस यांच्यापर्यंत पोचा.

मुलीच्या फोनचंही असंच. वेळ किती द्यायचा यावर घराघरात भांडणं होतात, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते एक वचन : “ऑनलाइन काहीही झालं आणि तू मला सांगितलंस, तर त्यासाठी मी फोन काढून घेणार नाही.” मुलं धमक्या महिनोन्‌महिने सोसतात, कारण सांगितलं तर फोन जाईल ही भीती धमकीपेक्षा जवळची असते. फोटोवरून कोणी धमकावत असेल तर पैसे द्यायचे नाहीत, संदेश पुसायचे नाहीत, उत्तर देणं थांबवायचं आणि तक्रार करायची. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचेही, मुलांच्या खोलीबाहेर चार्जिंगला.

इतकं सगळं वाचून तुम्ही दमला असाल, आणि इथेच तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते. वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला जागं, शांत मोठं माणूस लागतं. झोप नसलेला, आतून कुढणारा माणूस पाण्याकडे बघत असतो आणि त्याला काही दिसत नसतं. दोघांत अबोला असेल तर “आता तू बघ” हे वाक्यच बोललं जात नाही. म्हणजे तुमच्यातला ताण ही मुलांच्या सुरक्षिततेपासून वेगळी, खासगी बाब राहत नाही. तुमचं भांडण सुट्टीआधी मिटेल असं मी म्हणत नाही. एवढंच ठरवा की काहीही झालं तरी मुलांवर आत्ता कोणाचं लक्ष आहे याबद्दलचं बोलणं थांबणार नाही. अबोल्यातही ते एक वाक्य चालू राहील.

चिडचिड हाताबाहेर जाते असं वाटलं की खोली सोडा. ६ वर्षांचा मुलगा सुरक्षित जागी बसलेला असेल तर तो दहा मिनिटं रडला तरी चालतं. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला पाळण्यात ठेवून बाहेर या. बाळाला रागाच्या भरात गदागदा हलवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ओरडलात तर नंतर जाऊन सांगा : “मी ओरडले ते चुकलं. मी दमले होते. तू वाईट नाहीस.” मोठ्यांचं भांडण आपल्यामुळे झालं असं या वयाची मुलं सहज धरून बसतात, म्हणून “हे आमच्या दोघांतलं आहे, तुमच्यामुळे नाही” हे शब्द त्यांना ऐकू येऊ द्या. त्यांनी भांडण ऐकलं असेल तर समेटही दिसू द्या.

मात्र ताण या शब्दाआड मारहाण, धमकी, पैसे अडवणं, बाहेर जायला बंदी असं काही असेल तर वरचा सल्ला लागू होत नाही. मग पहिलं काम तुम्ही आणि मुलं सुरक्षित असण्याचं, आणि ते एकटीने करायचं नसतं. अशा वेळी लेखी रकान्यात काही लिहू नका, कागद घरात कोणीही वाचतं. शाळेत प्रत्यक्ष या.

बाकी परिस्थितीत रकाना भराच. तो कोण वाचतं, हे आधी शाळेत विचारा. बहुतेक ठिकाणी समुपदेशक आणि मुख्याध्यापक, क्वचित वर्गशिक्षक. मूल किंवा आणखी कोणी धोक्यात असेल तेवढं सोडून आम्ही ती माहिती पुढे देत नाही, आणि हा अपवाद आम्ही आधीच सांगायला हवा. मत बनण्याबद्दल विचारलंत, तर मनापासून सांगते : सुट्टीत मला काळजी वाटते ती कोऱ्या रकान्यांची. ज्या घराने दोन ओळी लिहिल्या आहेत तिथे काय लागणार आहे हे मला कळलेलं असतं. शाळेत रोज जेवण मिळणाऱ्या मुलाच्या घरी सुट्टीत अन्नाची ओढाताण होते, एखाद्याच्या घरी नुकतंच कोणी गेलेलं असतं, कोणाची नोकरी सुटलेली असते. कळलं तर काही ना काही करता येतं : शिबिराचं शुल्क कमी करणं, आळीपाळीने मुलं सांभाळायला दुसऱ्या कुटुंबाशी गाठ घालून देणं, सुट्टीतही आठवड्याला एक फोन, जोडप्यांच्या समुपदेशकाचं नाव.

‘मदत हवी आहे’ एवढंच लिहिलंत तर समोरच्याला पुढचं पाऊल सुचत नाही. असं लिहा : “आम्ही दोघं सकाळी ८ ते संध्याकाळी ६ बाहेर असतो. धाकट्यासाठी आठवड्यातले तीन दिवस सोय झालेली नाही. घरात सध्या ताण आहे आणि मुलीच्या वागण्यात फरक दिसतो. समुपदेशकांना भेटायचं आहे, संध्याकाळी ६ नंतर फोन चालेल.” आणि कागद देताना कार्यालयात एक विचारून घ्या : सुट्टीत शाळेचा कोणता फोन चालू असतो आणि तो कोण उचलतं. अनेक शाळांत शेवटच्या दिवसानंतर समुपदेशकही रजेवर जातात, त्यामुळे पहिली भेट या दोन आठवड्यांतच ठरवून घ्या.